निकालाच्या यादीत बाई शोधताना



जिल्हा परिषदेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तो कसा छापून येतो हे आपल्याला पाठ आहे. वर पक्षांची नावं, त्यांच्यापुढे आकडे, शेजारी गुलालाने माखलेल्या माणसांचा फोटो. त्या फोटोत, असलीच तर, गळ्यात हार घातलेली एखादी बाई, पदर सावरत कडेला उभी. निवडून आलेली असते ती. मधोमध उभे असतात ते तिला निवडून आणणारे.

आपल्या पालघर जिल्ह्याचे निकालही असेच छापून आले. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला आणि जानेवारी २०१५ मध्ये जिल्हा परिषदेच्या ५७ जागांसाठी पहिली निवडणूक झाली. भाजप २१, शिवसेना १५, बहुजन विकास आघाडी १०, माकप ५, राष्ट्रवादी ४, काँग्रेस १ आणि अपक्ष १. पाच वर्षांनी, ७ जानेवारी २०२० ला पुन्हा मतदान झालं आणि चित्र पालटलं. शिवसेना १८, राष्ट्रवादी १५, भाजप १०, माकप ६, बहुजन विकास आघाडी ४, अपक्ष ३, काँग्रेस १. तलासरी पंचायत समितीत माकपला बहुमत मिळालं. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये १५ जागांची पोटनिवडणूक झाली. तिच्यात शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी ५, राष्ट्रवादीला ४ आणि माकपला १ जागा मिळाली.

हे आकडे महत्त्वाचे नाहीत असं मी म्हणणार नाही. सत्ता कोणाची यावर पाड्यातला रस्ता आणि अंगणवाडीची खोली ठरते, हे आपल्याला रोज दिसतं. पण या यादीत आपला आकडा कुठे आहे? ५७ पैकी निम्म्या जागा कायद्यानेच बायकांच्या आहेत. त्यांतल्या किती जणी पहिल्यांदा आल्या, किती जणी दुसऱ्यांदा आल्या, किती जणी मागच्या पाच वर्षांचं काम दाखवून मतं मागू शकल्या, हा हिशेब कोणत्याच कोष्टकात नसतो. पक्ष तो ठेवत नाहीत. आपण तरी ठेवतो का?

मी डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या बचत गटांबरोबर आणि महिला ग्रामसभांबरोबर काम करते. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ७३वी घटनादुरुस्ती आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. ती माणसांच्या आयुष्यात कशी उतरते, कुठे अडते आणि कुठे वळवून घेतली जाते, ते मला इथल्या बायकांनी शिकवलं. त्यांच्याकडून शिकलेली एक गोष्ट आज मांडायची आहे. निवडणुकीचा निकाल मतमोजणीच्या दिवशी लागतो, ही समजूत बाईच्या बाबतीत अपुरी आहे. तिचा एक निकाल त्याआधीच, कागदपत्रांच्या छाननीत लागून गेलेला असतो. दुसरा निकाल नंतरच्या पाच वर्षांत सभागृहात लागतो. या दोन्ही ठिकाणी आपल्या संघटना फारशा नसतात. आपण असतो मधल्या पंधरा दिवसांत, प्रचाराच्या धामधुमीत.

आधी थोडं मागे जाऊया. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या. पहिली तीस वर्षं तिथे बाई असायची ती एखाददुसरी. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन भरलं. जिल्हा परिषदांच्या निवडणुका बायकांनी लढवायच्या, असा विचार त्या चळवळीतून पुढे आला आणि राज्यकर्त्यांना त्याची दखल घ्यावी लागली. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात पूर्ण बायकांचं पॅनेल ग्रामपंचायतीवर निवडून आलं. १९९० साली राज्याने स्थानिक संस्थांत ३० टक्के राखीव जागा दिल्या आणि १९९२ च्या जिल्हा परिषद निवडणुकांत बायका पहिल्यांदाच मोठ्या संख्येने सभागृहात शिरल्या. एप्रिल १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू होऊन एकतृतीयांश जागा देशभर आल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्यावर नेल्या. हे कोणी ओंजळीत आणून घातलेलं नाही, ते मागून आणि भांडून घेतलेलं आहे. नव्या कार्यकर्तींना हे सांगत राहायला हवं.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तलासरीत दर दहांतली नऊ माणसं आदिवासी आहेत, डहाणूत सुमारे ७० टक्के. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींची अध्यक्षपदं आदिवासींसाठी राखली. त्यामुळे २०१५ मध्ये सुरेखा थेतले जिल्हा परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. २०२० मध्ये भारती कामडी आणि त्यांच्यानंतर वैदेही वाढाण या पदावर आल्या. आपल्या आजीने सावकाराच्या शेतावर वेठ केली, लग्नाच्या कर्जापायी नवराबायको दोघांनी मालकाकडे राबून आयुष्य काढलं, अशा आठवणी ज्या समाजात अजून ताज्या आहेत, त्या समाजातली बाई जिल्ह्याच्या पहिल्या खुर्चीत बसते, याचं मोल मी कमी लेखत नाही. मे १९४५ मध्ये झरीला गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या उपस्थितीत वारली शेतमजुरांची सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. त्या लढ्यात बायका मागे नव्हत्या. पण लढ्यात पुढे असणं आणि उमेदवारांच्या यादीत पुढे असणं यांतलं अंतर कापायला आपल्याला कायदाच लागला.

आता कागदपत्रांच्या छाननीकडे येऊ.

राखीव जागेवर उभं राहायचं तर जमातीचा दाखला लागतो आणि त्याची पडताळणीही. पडताळणी झालेली नसेल तर अर्ज केल्याचा पुरावा जोडायचा आणि ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र द्यायचं. नाही दिलं तर निवडून आलेलं पदही जातं. पुरुषाला हे सोपं जातं. त्याच्या बापाचा, आजोबाचा शाळेचा दाखला, सातबारा, सगळं त्याच गावात असतं. बाईचा दाखला मात्र माहेरच्या कागदांवर उभा असतो. लग्न होऊन पंधरा-वीस वर्षं झालेली बाई भावाकडे जाऊन कागद मागते. भावाला वाटतं, जमिनीत हिस्सा मागायला आली. कितीतरी अर्ज इथेच थांबतात.

तलासरीत तर माहेर पुष्कळदा दुसऱ्या राज्यात असतं. १९६० पर्यंत उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. झरीची सभा भरली तेव्हा झरीही उंबरगाव तालुक्यातच मोडत होती. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, सीमा आखली गेली, पण वारली समाजातली सोयरीक काही त्या रेषेवर थांबली नाही. उंबरगाव, सिल्वासा बाजूच्या मुली आजही तलासरीत नांदायला येतात आणि इथल्या तिकडे जातात. कायदा मात्र सांगतो की जमातीचा दाखला जन्माने, वडिलांच्या राज्यात मिळतो आणि एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यातल्या राखीव जागेला चालत नाही. बाई तीच, भाषा तीच, कुलदैवत तेच. इथे तिचं मतदार यादीत नाव आहे, इथे ती बचत गटाची अध्यक्ष आहे. पण गट आदिवासी स्त्रीसाठी राखीव झाला की तिला उभं राहता येत नाही. लग्न करून तिने गाव बदललं ते रीतीप्रमाणे, आणि त्या रीतीची किंमतही तीच मोजते. तिच्या नवऱ्याला गावही सोडावं लागलं नाही आणि हक्कही.

दुसरी अट दोन मुलांची. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त मुलं झाली तर महाराष्ट्रात जिल्हा परिषदेची, पंचायत समितीची किंवा ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. नियम पुरुषाला आणि बाईला सारखाच लावलेला आहे, असं सांगितलं जातं. मूल किती व्हावं हे जिथे बाई ठरवत नाही, तिथे हा सारखेपणा कसला? पाड्यावर विशीत दोन मुलींची आई झालेली, सासूच्या आग्रहाने मुलासाठी तिसरं बाळंतपण सोसलेली बाई चाळिशीत येते. आता तिला वेळ आहे, बोलायचं धैर्य आहे, चार गावांत ओळख आहे. आणि नेमकं आता तिला सांगतात की तुझं तिसरं मूल आडवं आलं. कुपोषणाने मुलं दगावण्याची भीती जिथे अजून घरोघर आहे, त्या भागात ही अट बाईला दुहेरी शिक्षा देते. ज्यांना ही अट योग्य वाटते अशा मैत्रिणी आपल्यातही आहेत. त्यांना माझं सांगणं इतकंच की अट असावी की नसावी हा वाद घालण्याआधी, आपल्या गटातल्या किती जणी तिच्यामुळे अपात्र ठरतात ते मोजा. मोजून झाल्यावर बोलू.

मतदानाच्या तारखेचंही पाहा. २०१५ ची निवडणूक जानेवारीत, २०२० ची निवडणूकही जानेवारीत. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की आपल्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, गुजरातकडच्या कामांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत पाड्यावर उरतात म्हातारी माणसं, शाळेतली मुलं आणि कुलूप लावलेल्या झोपड्या. उमेदवारांच्या गाड्या भट्टीवर जाऊन मतदारांना घेऊन येतात. त्या गाडीत पुरुष आधी बसतात. तान्हं मूल असलेली किंवा मुकादमाने विटा मोजायला ठेवून घेतलेली बाई मागे राहते. आणि स्थलांतर करणारी बाई उमेदवार होण्याचा तर प्रश्नच येत नाही. अर्ज भरण्याच्या दिवसांत ती गावात नसते.

म्हणजे मतमोजणीच्या टेबलावर पहिली मतपेटी किंवा मतदान यंत्र यायच्या आधीच एक मोठी निवड होऊन गेलेली असते. जिचं माहेर जवळ आहे, जिला दोनच मुलं आहेत, जिच्या घरी बारमाही मिळकत आहे आणि जिच्या घरातल्या पुरुषाची पक्षात ओळख आहे, ती उरते. त्यातूनही चांगल्या, धडाडीच्या बायका निवडून येतात, हे त्यांचं कर्तृत्व. पण गाळणी कुठे लावली आहे ते आपल्याला माहीत हवं.

मतमोजणीनंतरचं बोलायचं तर सुरुवात आरक्षणाच्या चक्रानुक्रमापासून करावी लागेल. बायकांच्या राखीव जागा दर निवडणुकीला फिरतात. चिठ्ठ्या टाकून सोडत काढतात. निम्म्या जागा राखीव असल्यामुळे आज राखीव असलेला गट पुढच्या वेळी बहुधा खुला होतो. खुल्या गटातून बाईला उभं राहायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी पक्षाची असते. “ताई, तुमची जागा गेली आता,” असं तिला सांगितलं जातं, जणू जागा तिची नव्हतीच, उसनी दिली होती. माझ्या ओळखीच्या एका माजी सदस्येने पाच वर्षं खपून पाणीपुरवठ्याचे कागद वाचायला शिकून घेतले होते. अंदाजपत्रक कुठे फुगवलं आहे ते ती बोट ठेवून दाखवायची. गट खुला झाला, तिकीट तिच्या दिराला मिळालं. आज ती बचत गटाची गिरणी सांभाळते. लोक अजून तिच्याकडेच अर्ज लिहून घ्यायला येतात. जिल्हा परिषदेचं यात केवढं नुकसान झालं याचा आकडा कोणत्या ऑडिटमध्ये येणार?

२०२१ ची पोटनिवडणूक तर मुदतीच्या मध्यावरच आली. त्या वर्षी ४ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांमधल्या इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबद्दल निकाल दिला. सगळं जातवार आरक्षण मिळून ५० टक्क्यांच्या वर जाता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. पालघरमध्ये आदिवासींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात असल्यामुळे मर्यादा आधीच भरत आलेली होती. परिणामी इतर मागासवर्गीयांसाठीच्या १५ जागांवरच्या सदस्यांची पदं गेली आणि ५ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा मतदान झालं. डहाणूतले बोर्डी, कासा, सरावली, वणगाव आणि तलासरीतला उधवा हे गट त्यात होते. त्या पोटनिवडणुकीची बातमी झाली ती वणगावात खासदारांचे चिरंजीव पराभूत झाले म्हणून. जेमतेम दीड वर्षात, तेही करोनाच्या काळात, ज्या बायकांनी सभागृहाची पायरी चढून कामकाज समजून घ्यायला सुरुवात केली होती आणि ज्यांना घरी बसावं लागलं, त्यांच्याबद्दल कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. न्यायालयाच्या निर्णयावर इथे वाद घालायचा नाही. इतकंच लक्षात ठेवायचं की आरक्षणाच्या कोणत्याही भांडणात बाईची जागा सर्वांत आधी हलते, कारण ती आधीपासूनच फिरती ठेवलेली आहे.

आता सभागृहात डोकावू. जिल्हा परिषदेकडे काय असतं? प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, अंगणवाड्या, पाण्याच्या योजना, पाझर तलाव, गावरस्ते. म्हणजे बाईचा दिवस ज्या ज्या गोष्टींनी भरलेला असतो त्यांतल्या बऱ्याच. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के बसत राहिले. घरांना तडे गेले, कडाक्याच्या थंडीत माणसं लेकरांना घेऊन बाहेर झोपली. शाळेची इमारत सुरक्षित आहे का, बाळंतीण कुठे ठेवायची, हे प्रश्न त्या काळात बायकाच विचारत होत्या. सूर्या प्रकल्पाचं धरण आपल्या डोंगरांत आहे, पण त्याचं पाणी वसई-विरारकडच्या शहरांना जातं आणि उन्हाळ्यात पाड्यावरची बाई विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरते. हे प्रश्न सभागृहात गेले का, कोणी मांडले, उत्तर काय मिळालं? आपल्यापैकी किती जणींनी सभेचं इतिवृत्त कधी वाचलं आहे?

विषय समित्यांच्या वाटपाकडेही बघायला हवं. महिला व बालकल्याण समितीचं सभापतिपद बाईकडेच जातं. बांधकाम, अर्थ, आरोग्य कोणाकडे गेलं ते प्रत्येक मुदतीत आपण नोंदवून ठेवावं. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून वर्षानुवर्षं शिलाई मशीन आणि घरघंट्याच का येतात? मशीनला माझा विरोध नाही. पण ज्या पाड्यावर वीज दिवसातून चार तास असते तिथे घरघंटी कोपऱ्यात पडून राहते, हे यादी करणाऱ्यांना सांगणारी सदस्या सभागृहात असूनही गप्प का राहते, याचा शोध घ्यायला हवा.

ती गप्प राहते त्याची कारणं तिच्या स्वभावात नाहीत. सभेची सूचना तिच्या नवऱ्याच्या फोनवर येते. टिपणी आयत्या वेळी हातात पडते. तलासरीच्या आतल्या पाड्यावरून पालघरला पोचायचं तर पहाटे निघून जीप, मग गाडी, आणि परत येईतो रात्र होते. सोबत कोणी पुरुष नसेल तर घरी बोलणी खावी लागतात, सोबत असेल तर तो सभागृहाच्या दारापर्यंत आणि कधी कधी आतपर्यंत येतो. सही तिची, शब्द त्याचा. आणि तरीही, पहिल्या वर्षी नुसती सही करणारी बाई तिसऱ्या वर्षी “हे वाचून दाखवा, मग सही करते” म्हणते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिसऱ्या ते पाचव्या वर्षात बाई खरी सदस्या होते. आणि पाचव्या वर्षी चक्र फिरतं.

इथे एक आक्षेप आपल्यातूनच येतो, तो टाळता येणार नाही. बाई निवडून आली म्हणजे बायकांचं राजकारण झालं का? ती पक्षाचा आदेश पाळते. ठेकेदाराच्या बाजूने हात वर करते. दारूच्या दुकानाच्या प्रश्नावर मूग गिळून बसते. खरं आहे. बाई म्हणून ती आपोआप आपली होत नाही. पण पुरुष सदस्य असंच वागतो तेव्हा ‘पुरुषांना राखीव जागा कशाला’ असं कोणी विचारत नाही. बाईला चुकण्याचाही तेवढाच हक्क आहे. आणि दुसरं म्हणजे, तिच्या पाठीशी पक्ष आहे, घर आहे, ठेकेदार आहे, मग संघटना का नाही? तिला प्रश्न विचारणाऱ्या आणि तिच्यासाठी उभ्या राहणाऱ्या बायका मागे असल्या, तर आदेश मोडायचं बळ तिला येतं. एकटीकडून शौर्याची अपेक्षा करणं हे आपल्या जबाबदारीतून अंग काढून घेणं आहे.

जिल्हा परिषदेतून पुढची वाटही उघडते. अध्यक्ष राहिलेल्या भारती कामडी २०२४ मध्ये पालघर लोकसभेच्या उमेदवार होत्या. त्या हरल्या, हेमंत सावरा निवडून आले. त्यांच्या पक्षाशी आपलं जमो न जमो, जिल्हा परिषदेच्या खुर्चीतून आदिवासी बाई लोकसभेच्या उमेदवारीपर्यंत जाते ही वाट आपण नीट बघून ठेवली पाहिजे. कारण एका बाईमागे अशा आणखी पंचवीस जणी तयार असायला हव्या होत्या. १९९२ पासूनची तीस वर्षं त्यासाठी कमी नव्हती.

मग करायचं काय? मोठे ठराव करण्यापेक्षा हाताला येतील अशा गोष्टी सुचवते.

निवडणूक जाहीर व्हायची वाट न पाहता प्रत्येक गटाने आपल्या भागातल्या पाच-सहा होतकरू बायकांची कागदपत्रं आत्ताच तयार करायला घ्यावीत. माहेरचे दाखले, पडताळणीचे अर्ज, मतदार यादीतलं नाव. हे काम दोन-तीन वर्षं चालतं, पंधरा दिवसांत होत नाही. सीमेपलीकडून आलेल्या सुनांच्या दाखल्याचा प्रश्न आणि दोन मुलांच्या अटीमुळे अपात्र ठरणाऱ्या बायकांची संख्या गावनिहाय लिहून काढावी. अशी नोंद हातात असेल तर निवेदनाला वजन येतं.

कायद्याप्रमाणे दर ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. या सभेला जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या सदस्येला वर्षातून दोनदा तरी बोलवा. जाब विचारायला बोलवा, तसंच तिला काय हवं ते ऐकायलाही बोलवा. सभेची सूचना तिच्या स्वतःच्या फोनवर येते का, हा पहिला प्रश्न विचारा. येत नसेल तर दोघी-चौघी तिच्यासोबत कार्यालयात जा आणि नंबर बदलून घ्या. सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतात. ती मागवा, शाळेत जाणाऱ्या मुलींकडून मोठ्याने वाचून घ्या. वाचणारी मुलगीही त्यातून शिकते.

आणि जिची मुदत संपली तिला विसरू नका. या भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम उभं केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. अंगणवाडीची कल्पना इथल्या मातीतली. या कामाचं यश एका गोष्टीत होतं. शिकलेली बाई पुढच्या बाईला शिकवत गेली, अनुभव वाया गेला नाही. आपल्या माजी सदस्यांच्या बाबतीत आपण हे का करू नये? जिने पाच वर्षं अंदाजपत्रक वाचलं तिला नव्याने निवडून आलेल्या बाईशेजारी बसवा, दोघींचे पक्ष वेगळे असले तरी. पक्षांना हे रुचणार नाही. पण पाणी, शाळा आणि दवाखाना यांचे कागद सगळ्या पक्षांत सारखेच असतात.

शेवटी, आपल्या मासिकासाठी एक विनंती. २०१५ पासून डहाणू आणि तलासरीतून जिल्हा परिषदेवर आणि पंचायत समितीवर किती बायका गेल्या, त्यांतल्या किती पुन्हा उभ्या राहिल्या, खुल्या जागेवरून किती लढल्या, आज त्या काय करतात, ही यादी आपल्याला तयार करायची आहे. आपल्या भागातल्या माजी आणि आजी सदस्यांकडे जा, त्यांच्याशी बोला, त्यांची परवानगी घेऊन लिहून पाठवा. अक्षर कसंही असलं तरी चालेल, शुद्धलेखनाची काळजी नको. वर्तमानपत्रांनी जो तक्ता छापला नाही, तो पुढच्या अंकात आपण छापू.